लुआर खोऱ्यातील किल्ले पाहत सहा दिवसांची घोडेस्वारीची सहल नवशिक्याला झेपेल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : दोन महिन्यांच्या शिकवणीच्या जोरावर फ्रान्समधील लुआर खोऱ्याची सहा दिवसांची घोडेस्वारीची सहल झेपेल का, आणि तेवढ्या दिवसांत किती किल्ले पाहून होतील. प्रश्नाच्या शेवटी आपण जाता जाता एक वाक्य जोडले आहे, "घोडा चांगला मिळाला म्हणजे झाले." खरे सांगायचे तर मी हे उत्तर त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे, कारण हेच वाक्य आमच्या घरात गेली तीन वर्षे प्रत्येक समारंभात ऐकू येते आणि दर वेळी मी पानातला घास मुकाट्याने गिळते.

आधी किल्ल्यांचे उरकते. फ्रेंच 'शातो'ला आपण सरसकट किल्ला म्हणतो आणि मग तट, खंदक आणि बालेकिल्ला डोळ्यांपुढे आणतो. लुआरकाठचे बहुतेक प्रसिद्ध शातो हे शिकारीसाठी आणि मिरवण्यासाठी बांधलेले महाल आहेत. शांबोरचे काम 1519 मध्ये सुरू झाले. त्याचे बुरूज शत्रूला अडवण्यासाठी नसून पाहुण्याला दिपवण्यासाठी आहेत, आणि ज्याने ते उभारायला घेतले त्या फ्रान्स्वा पहिल्याने 1547 पर्यंत राज्य करूनही तिथे मोजके काही आठवडेच मुक्काम केला. हे महाल आतून पाहायचे असतील तर घोडा हे त्यासाठी अत्यंत गैरसोयीचे साधन आहे. दारापाशी घोडा बांधून तिकीट काढता येत नाही. कोणाला तरी घोडे धरून थांबावे लागते, आणि आपली पाळी येईपर्यंत आत सोडण्याची वेळ संपत आलेली असते. सहा दिवसांत मी आतून पाहिले ते तीन : शांबोर, आंब्वाझ आणि शनोंसो. शव्हेर्नीला महाल बाहेरूनच पाहिला, कारण तिथल्या शंभराच्या आसपास शिकारी कुत्र्यांना खाणे घालण्याची वेळ झाली होती आणि तो गलका ऐकून आमचे दोन घोडे बिथरले होते.

घोड्यावरून जे दिसते ते वेगळेच असते. शांबोरभोवतीचे राखीव रान 5,440 हेक्टरचे असून त्याला 32 किलोमीटरची भिंत आहे. सोलोन्य नावाच्या जंगल-तळ्यांच्या प्रदेशातल्या त्या रानातल्या वाटा रेताड असल्याने टापांचा आवाज होत नाही. आम्ही सप्टेंबरअखेरीस गेलो होतो, तेव्हा माजावर आलेल्या सांबरांसारख्या मोठ्या हरणांचे हंबरणे दोन्ही बाजूंनी ऐकू येत होते, आणि तशा शांततेत अचानक झाडांच्या शेंड्यांवर धुराड्यांची आणि कळसांची गर्दी उगवली. मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला हा महाल वाहनतळावरून दिसतो. आंब्वाझला तर घोड्यांसाठीच बांधलेले दोन जाडजूड बुरूज आहेत : आत पायऱ्यांऐवजी गोल फिरत वर जाणारी चढण आहे, जिच्यावरून घोडे आणि गाड्या थेट महालाच्या अंगणात येत. सम्राट पाचवा चार्ल्स 1539 मध्ये तिथूनच वर आला होता. आज आपल्याला तिथून पायीच जावे लागते, आणि मला मान्य आहे की त्यात एक प्रकारचा न्याय आहे.

आता त्या वाक्याकडे येते. सहलीला आम्ही पाच जण होतो : माझी थोरली बहीण, तिचे यजमान म्हणजे माझे भाऊजी, मी आणि आणखी दोघे, शिवाय पुढे चालणारी पन्नाशीची फ्रेंच मार्गदर्शक. भाऊजींच्या वाट्याला एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची घोडी आली होती. ती सात-आठ वर्षांची, शांत आणि पाय उचलून चालणारी होती, आणि पहिल्या दिवशी भाऊजींनीच तिची सर्वांत जास्त स्तुती केली होती, ही गोष्ट पुढच्या कथेत मुद्दाम लक्षात ठेवावी. मुख्य सामान रोज गाडीने पुढच्या मुक्कामी जात असे. खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत फक्त पाणी, पावसाळी कोट आणि दुपारचे खाणे ठेवायचे, दोन्हींचे वजन सारखे ठेवायचे, आणि दर तासाला दहा मिनिटे उतरून घोड्याबरोबर चालायचे, एवढेच मार्गदर्शक बाईंचे नियम होते. भाऊजींनी उतरून चालण्याला पहिल्याच दिवशी नकार दिला. "पैसे घोड्यावर बसायचे दिले आहेत, चालायचे नाहीत," असे ते म्हणाले. ताई गप्प राहिली. मीही राहिले, कारण बहिणीच्या घरच्या माणसाला चारचौघांत उलटून बोलण्याची आमच्याकडे रीत नाही. ती चूक माझी होती आणि तेवढी मी पदरात घेते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शव्हेर्नीजवळ मुक्काम होता. त्या परिसरात रोमोरांतँ नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन होते. भाऊजींनी तिच्या दोन बाटल्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीतल्या बॅगेत न जाता खोगिराच्या उजव्या पिशवीत गेल्या, कारण "गाडीत आपटून फुटतील". त्याच पिशवीत कॅमेऱ्याचे मोठे भिंग होते, फोन चार्ज करायची वीट होती आणि महालांची माहिती देणारे जाड पुस्तक होते. डाव्या पिशवीत एक कोट होता. मी हे डोळ्यांनी पाहिले. मी म्हणाले, "भाऊजी, वजन एका बाजूला झाले आहे." ते हसून म्हणाले, "अगं, अर्ध्या टनाच्या जनावराला पाच किलोचे काय?"

इथेच तर घोडे पेंड खाते. घोड्यावर स्वारासकट एकूण ओझे त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, असा एक सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे 500 किलोच्या घोडीवर खोगीर, पिशव्या आणि बूट धरून 100 किलो. भाऊजी 86 किलोंचे, वर खोगीर आणि साहित्य, म्हणजे हिशेब आधीच काठावर आलेला होता. पण खरे दुखणे एकूण वजनाचे नसून ते एका अंगाला असण्याचे आहे. उजवी पिशवी जड असली की खोगीर उजवीकडे ओढले जाते, स्वार नकळत डावीकडे झुकून तोल सावरतो, आणि खोगिराचा पुढचा भाग खांद्यांवरच्या हाडाच्या उंचवट्यावर तिरका बसून दर पावलाला घासत राहतो. दुडकीत पिशवी वर उडून खाली आदळते, तेव्हा पाच किलो हे पाच किलो राहत नाहीत. त्यात भाऊजी जमिनीवरूनच रिकिबीला लटकून चढत, ओंडका किंवा कठडा वापरणे त्यांना कमीपणाचे वाटे, त्यामुळे प्रत्येक वेळी खोगीर आणखी पिळले जाई. आणि ते दिवसभर उतरलेच नाहीत.

संध्याकाळी फुजेर-स्यूर-बिएव्रच्या अलीकडे खोगिरे उतरवली. बाईंनी नेहमीप्रमाणे प्रत्येक घोड्याच्या पाठीवरून तळहात फिरवला. खोगिराखालची पाठ घामाने सगळीकडे सारखी भिजलेली असावी लागते. या घोडीच्या उजव्या खांद्याच्या वर कोंबडीच्या अंड्याएवढा एक डाग मात्र ठणठणीत कोरडा होता, कारण तिथे इतका दाब पडला होता की घामसुद्धा फुटला नव्हता. त्याभोवतीचे केस उलटे फिरले होते. बाईंनी माझा हात धरून तिथे टेकवला : कातडीखाली मऊ, फुगलेले आणि तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखे गरम लागले. मी बोटांनी जरा दाबले तेव्हा त्या शांत घोडीने पाठ एकदम खाली घेतली आणि कान मागे टाकले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उजवी पिशवी सोडवली, हातात तोलली, मग डावी दुसऱ्या हातात घेतली, आणि दोन्ही हात तसेच तराजूसारखे धरून भाऊजींच्या समोर उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी घोडीवर खोगीर चढवणे शक्यच नव्हते. तिला घरी नेण्यासाठी गाडी येईपर्यंत दुपारचा एक वाजला, आणि त्या दिवशीचा शोमोंच्या महालाचा फाटा रद्द करून आम्ही थेट मुक्कामाची वाट धरली. आता मला शोमों का पाहायचे होते ते सांगते. दुसरा हेन्री राजा 1559 मध्ये घोड्यावरच्या भालेझुंजीत जखमी होऊन वारला, तेव्हा त्याची राणी कातरीन द मेदिसी हिने त्याच्या प्रेमपात्राकडून, म्हणजे दियान द पोआतिएकडून, शनोंसो काढून घेतले आणि बदल्यात तिच्या हाती शोमों ठेवले. मला त्या महालाचेही विशेष नव्हते. तिथे 1877 मध्ये बांधलेली एक पागा आहे, घोड्यांसाठी माणसांच्या घराहून देखणी, खोगीर-लगामांची वेगळी खोली असलेली. सहलीची आखणी पाहताना मी त्या एका दिवशी खूण करून ठेवली होती. ती मला दिसली नाही. घोडी नसल्याने भाऊजी त्या दिवशी सामानाच्या गाडीतून गेले, चालकाने त्यांना वाटेत दोन तास शोमोंला सोडले, आणि संध्याकाळी त्यांनी मला पागेची अठ्ठावीस छायाचित्रे दाखवली.

तेव्हापासून ते सांगत आले आहेत की आयोजकांनी त्यांना कमकुवत घोडी दिली होती. घोडी कमकुवत नव्हती. आपल्या जुन्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येई, बारगिराला ते सरकारी पागेतून मिळे. अशा सहलीत आपण सगळेच बारगीर असतो. भाऊजी तोरा शिलेदाराचा मिरवत होते, पण खऱ्या शिलेदाराने स्वतःच्या घोड्याची पाठ डोळ्यांत तेल घालून जपली असती, कारण घोडे बसले की त्याची चाकरीही बसली.

तेव्हा आपल्याला झेपेल का? दोन महिन्यांच्या शिकवणीवर, माझ्या मते, नाही. रिकिबीत उठबस करत अर्धा तास सलग दुडकी चालवता येणे, मोकळ्या रानात पुढचा घोडा उधळला तरी आपला आवरता येणे, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, स्वतः तपासून कसता येणे आणि खुरांतले खडे काढता येणे, एवढे होत नसेल तर त्याच वाटा सायकलने कराव्यात. नदीकाठी त्यांची उत्तम सोय आहे आणि महालही जास्त पाहून होतील. रोज पंचवीस-तीस किलोमीटरची रपेट असते, म्हणजे पाच-सहा तास खोगिरात, आणि मांड पक्की नसलेला स्वार तिसऱ्या दिवसापासून पोत्यासारखा बसतो. पोत्यासारखा बसणारा सत्तर किलोंचा माणूस घोड्याला नीट बसणाऱ्या ऐंशी किलोंच्या माणसापेक्षा जड पडतो. आयोजक आपले वजन विचारतील, ते खरे सांगावे, कपड्यांसकट. जून-जुलै टाळावा, कारण सोलोन्यच्या तळ्यांकाठी गोमाश्या घोड्यांना जीव नकोसा करतात. डोक्यावर शिरस्त्राण सतत ठेवावे. आठवा शार्ल राजा 1498 मध्ये आंब्वाझलाच एका दाराच्या बुटक्या चौकटीवर डोके आपटून मेला, आणि तो त्या वेळी घोड्यावरही नव्हता.

हेही सांगायला हवे की मी अशी एकच सहल केली आहे, आणि काही आयोजक नवशिक्यांसाठी एका ठिकाणी मुक्काम ठेवून रोज दोन-तीन तासांच्या सावकाश फेऱ्याही काढतात. त्यांना वरचे बरेचसे लागू होत नाही, तेव्हा आपण तशी चौकशी अवश्य करावी. शिवाय खोगीरच मुळात घोडीच्या पाठीला किंचित रुंद असावे, ही शक्यता मी पूर्णपणे नाकारत नाही. बाईंनी पहिल्या दिवशी त्याखाली एक जादा घोंगडी घातली होती, हे मला नंतर आठवले. पण त्या खोगिराने दोन दिवस पाठीला काही केले नव्हते आणि बाटल्या तिसऱ्या दिवशी आल्या.

घोडी तीन आठवड्यांत बरी झाली, असे बाईंनी पत्राने कळवले. बाटल्या त्यांनी जप्त केल्या होत्या. शेवटच्या रात्री शनोंसोजवळच्या मुक्कामी त्या त्यांनीच उघडल्या आणि पहिला पेला भाऊजींना दिला. वाइन चांगली होती.