रोटेटर कफच्या ऑपरेशनआधी खांदा शेकला तर टेंडन लवकर जुळतं का?

घरच्या शेकानं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी; रोटेटर कफ म्हणजे खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांच्या अशा दोऱ्या) लवकर जुळत नाही. ऑपरेशनला तीन आठवडे आहेत आणि रोज शेक घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण फायदा वेगळा आहे.

आधी ऊब दिली की पेशी इजेला तयार होतात, ही तुम्ही वाचलेली कल्पना खोटी नाही. पेशींना ४१ ते ४३ अंशांचा ताण ठरावीक वेळ दिला की त्या 'हीट शॉक प्रोटीन' (पेशीला सावरणारी प्रथिनं) बनवतात आणि पुढची इजा जरा बरी सोसतात. पण हे प्रयोग मुख्यतः प्राण्यांवरचे, आणि त्यांत तापमान मोजून दिलेलं असतं. रबरी पिशवीची ऊब वरच्या सेंटीमीटरभरातच राहते, पुढची रक्तप्रवाह वाहून नेतो. रोटेटर कफ असतो डेल्टॉइड या खांद्यावरच्या जाड स्नायूच्या खाली. तिथवर ४२ अंश पोचवायला जाल तर आधी कातडी भाजेल: ५० अंशांच्या स्पर्शाला काही मिनिटंच पुरतात.

खरा उपयोग आखडलेपणावर. ऑपरेशनआधी खांदा जितका मोकळा, तितका नंतरचा त्रास कमी. पिशवीत उकळतं पाणी नको. दोन तृतीयांश भरा, हवा काढून बूच लावा, टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळा. १५ मिनिटं पुरे. पाचव्या मिनिटाला उचलून कातडी बघा: गुलाबी चालेल, लालभडक किंवा चट्टेपट्टे नकोत. पिशवीवर झोपू नका, वजनानं चटका बसतो. शेक झाला की लगेच, वाकून हात लोंबता सोडून झोका द्या. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तरच.

बाम चोळून शेकणं हा नेहमीचा घोटाळा, त्यानं फोड येतात. आणि जिथे छेद घ्यायचा तिथेच फोड असेल तर सर्जन तारीख पुढे ढकलतात. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस मी शेक बंदच ठेवायला सांगतो. मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर घेऊच नका. ताजी दुखापत असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ. ऑपरेशननंतर नर्व्ह ब्लॉकनं (नस बधिर करणाऱ्या इंजेक्शननं) हात बधिर असतो, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. तेव्हा गरम पिशवी जवळही आणू नका, भाजलेलं कळणार नाही.

टेंडन जुळायला मदत हवी असेल तर तंबाखू-सिगारेट आजच सोडा (चार आठवडे आधी सोडली असती तर उत्तम) आणि साखर ताब्यात आणा. नंतर स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) सांगितलेले चार-सहा आठवडे नीट वापरा. बरं वाटतंय म्हणून दुसऱ्याच आठवड्यात हात वर उचलला की टाका टेंडनमधून निसटू शकतो.