'सुस्थिर', 'टिकाऊ' की 'शाश्वत'?

खानापूरकडच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलंय: "गावच्या मराठी शाळेत माझ्या संशोधनावर बोलायचं आहे. विषय लोहाचे उत्प्रेरक. बेळगावातल्या कन्नड मैत्रिणी 'सस्टेनेबल'ला 'सुस्थिर' म्हणतात. मराठीत 'सुस्थिर धातू उत्प्रेरण' चालेल का?"

माझ्या मते नको. कन्नडमध्ये 'सुस्थिर अभिवृद्धी' म्हणजे आपला 'शाश्वत विकास'. तिथे तो शब्द पक्का रुळलाय. मराठीत मात्र माणूस नोकरीला लागून सुस्थिर होतो. नीट बसलेलं, न डगमगणारं, एवढाच अर्थ निघतो, आणि तुमच्या विषयात तो पार उलट्या दिशेला नेतो. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये ज्या कोबाल्ट-अमोनिया संयुगांची रचना उलगडली, त्यांतलं एक घ्या. मधोमध कोबाल्ट, भोवती सहा अमोनिया. गरम हायड्रोक्लोरिक आम्लातही ते अमोनिया सुटत नाहीत! उत्प्रेरकाला, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाला, इतकं घट्ट बसून भागत नाही. धातूजवळची एखादी जागा मोकळी व्हावी लागते. तिथे रेणू येऊन जोडला जातो, बदलतो, सुटतो, आणि जागा पुन्हा रिकामी होते. भोवतीच्या लिगंडांनी, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणूंनी किंवा आयनांनी, धातूला सांभाळायचं, पण कोंडायचं नाही. या संशोधनातलं खरं कसब इथेच आहे.

'टिकाऊ' म्हणाल तर तो फेऱ्यांमागून फेऱ्या वापरूनही न बिघडणारा उत्प्रेरक. गुण चांगलाच, पण वेगळा.

म्हणून 'शाश्वत'च घ्या. फक्त तो धातूला चिकटवू नका, नाहीतर मुलांना कधीच न संपणारा धातू वाटेल. शाश्वत व्हायला हवी ती पद्धत. पॅलेडियम वापरून कार्बनला कार्बन जोडण्याच्या अभिक्रियांना २०१० चं नोबेल मिळालं, औषधनिर्मितीत त्या फार मोलाच्या आहेत. पण पॅलेडियम दुर्मीळ आणि महाग. लोह भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के, आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रींत ओततात तेच. तरी नुसतं लोह घेतलं म्हणून काम शाश्वत ठरत नाही. लिगंड बनवताना किती द्रावक आणि किती ऊर्जा गेली, तेही हिशेबात धरावं लागतं.

मी शीर्षक देईन: 'शाश्वत रसायननिर्मितीसाठी लोहाचे उत्प्रेरक'. सुरुवात वनस्पती तुपापासून करा, तेलावर हायड्रोजनची अभिक्रिया घडवणारं निकेल हाही उत्प्रेरकच. आणि 'धातू' एकटा असताना दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व: धातुशास्त्र, तसंच धातु-उत्प्रेरक.