बी. फार्म सोडू देऊ नका, वाट तिथूनच आहे

प्रश्न: मी धारूर तालुक्यातला ऊसतोड कामगार. मुलगी अंबाजोगाईला बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दवाखान्यात जे रबरी हातमोजे वापरतात, त्यांच्या कारखान्यांत माणसं वेठबिगारीनं राबतात, असं तिनं वाचलं. आता म्हणते, फार्मसी सोडून हेच थांबवायचं काम करीन. असं काम असतं का? पोट भरेल का?

उत्तर: दादा, असतं, आणि पोटही भरतं. पण फार्मसी सोडू देऊ नका.

तिनं वाचलं ते खरं आहे. जगातले बरेचसे हातमोजे मलेशियात बनतात. नेपाळ-बांगलादेशातली पोरं कर्ज काढून एजंटाचे पैसे भरतात आणि तिथं जातात. मग ते कर्ज फिटेपर्यंत काम सोडायची सोय नसते. जुलै 2020 मध्ये, ऐन कोरोनात, अमेरिकेनं टॉप ग्लव्ह या बड्या कंपनीचा माल अडवला. कंपनीनं कामगारांचे एजंटापायी गेलेले पैसे परत केले, तेव्हा कुठे 2021 मध्ये बंदी उठली. ब्रिटननं 2022 च्या आरोग्य कायद्यातच सरकारी दवाखान्यांच्या खरेदीतून गुलामी हटवण्याची तरतूद केली. असे ग्राहक पुरवठादारांची तपासणी मागतात, आणि ती करायला माणसं लागतात.

आता तुमच्या लेकीचं बळ सांगतो. मुकादमाची उचल घ्यायची, हंगामात फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा त्याच्याच टोळीत जायचं, हे तिनं घरात पाहिलंय. तपासायला जाणारे बहुतेक जण हजेरीपट आणि पगारपत्रक बघतात. कागद चोख असतो. मॅनेजर शेजारी उभा असला की कामगार "सगळं ठीक आहे" म्हणतो. घरून निघताना किती घेतले, कुणाकडून, त्यातले किती फिटले, पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, हे त्याला एकटं गाठून, त्याच्या भाषेत विचारावं लागतं. वेठबिगारी आपल्याकडे 1976 च्या कायद्यानं बंद झाली, तरी हे प्रश्न इथल्या कारखान्यांतही विचारायला हवेत. शहरात वाढलेल्या, हुशार मुलांनाही ते सुचत नाहीत. तिला सुचतील.

अशा कामासाठी एमपीएससीची जाहिरात निघत नाही, त्यामुळे तिची वाट पाहू नका. संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटी किंवा परचेस विभागात शिरायचं. तिथं व्हेंडर ऑडिट असतं, म्हणजे माल देणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन तपासणी. सुरुवातीचा पगार इतर फार्मसीवाल्यांइतकाच धरा. दोन-तीन वर्षांनी एसए 8000 या मानकाचा, म्हणजे कारखान्यात कामगारांना नीट वागवतात का हे तपासायच्या नियमांचा, ऑडिटर कोर्स करता येतो. समाजकार्याची ओढ तेव्हाही टिकली, तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेच. ही आवड टिकेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं, म्हणूनच पदवी आधी हवी.

सहाव्या सेमिस्टरनंतर तिला 150 तासांचं प्रशिक्षण आहे. ते शक्यतो मोठ्या रुग्णालयात करायला सांगा, आणि तिथल्या स्टोअरमध्ये बसायची परवानगी मागायला लावा. हातमोजे, गॉज, सिरिंज कोण पुरवतं, निविदेत कामगारांबद्दल कोणती अट असते, हे तिनं वहीत उतरवून आणलं तर मुलाखतीला तीच वही घेऊन जाता येईल.