पोतं उचलते, त्याले जिम कायले पाह्यजे?

दारव्ह्याकडून एका वडिलांचं पत्र आलंय. पोरगा 17 वर्षांचा, बारावी आर्ट्सला, अकरावीत 58 टक्के, कबड्डीत रेडर. वडिलांना तो प्रो कबड्डीत दिसायला पाहिजे. पोरगा म्हणतो मला फिटनेस ट्रेनर व्हायचंय अन् त्यासाठी जिमला पैसे मागतो. वडील लिहितात, "वावरात पन्नास किलोचं पोतं उचलते, त्याले जिम कायले पाह्यजे? अंग जड होते म्हणतात. तुम्हीच समजावा त्याले."

भाऊ, समजावतो, पण तुम्हाला.

तुमच्या पत्रात प्रो कबड्डी चारदा आली, मार्क दोनदा, अन् गुडघा एकदाच, तोही कौतुकानं. "दिवाळीपासून गुडघा सुजते, कधी निसटल्यावानी होते, पण पट्टी बांधून खेळते, लेकरू हिमतीचं हाय." मी तिथंच थांबलो. ही हिंमत नाही भाऊ, तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही एवढंच. असा निसटणारा गुडघा म्हणजे आतली एसीएल नावाची दोरी तुटलेली असू शकते, अन् तशातच रेड मारत राहिला तर आतली गादीपण फाटते, मग चाळिशीत जिना चढायचे वांधे. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हाडांचा विभाग आहे, या आठवड्यात न्या. डॉक्टर आधी हातानंच ओढून पाहतात, लागला तर एमआरआय. ऑपरेशन निघालं तर परत मैदानात यायला नऊएक महिने धरून चाला. तोवर मॅच बंद, मग ती जिल्ह्याची असो की गावच्या जत्रेतली.

आता ते पोतं. ताकद लागते त्याला, मी पण उचललीत. पण पोतं रोज त्याच खांद्यावर, वजन तेवढंच, वेचणीच्या दिवसांत पाठ मोडेस्तोवर काम अन् मधे महिनाभर काहीच नाही. कबड्डीत गुडघ्यावर येतं ते वेगळंच, सुसाट आत जायचं, एका पायावर गचकन थांबून उलटं फिरायचं अन् तेवढ्यात कोणीतरी घोटा धरतो. तेव्हा ब्रेक मारायला मांडीचा मागचा स्नायूही लागतो, अन् पोतं वाहून तो ब्रेक काही तयार होत नाही. त्याला वेगळा व्यायाम आहे, पैसे लागत नाहीत. गोणपाटावर गुडघे टेकून ताठ उभं राहायचं, मागून भावानं घोटे दाबून धरायचे, अन् कंबर न वाकवता हळूहळू पुढं झुकायचं, जमेल तितकं स्वतःला रोखत, शेवटी हात टेकायचे. याला नॉर्डिक म्हणतात. फुटबॉलवाल्यांवर तपासलंय, त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. 2014 मध्ये 25 अभ्यास एकत्र करून 26 हजारांवर लोकांचा हिशेब मांडला होता, त्यात ताकदीच्या व्यायामानं दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आलेल्या दिसल्या, नुसत्या स्ट्रेचिंगनं काही फरक नाही. पण तुमच्या पोरानं हे डॉक्टरला गुडघा दाखवल्यावरच करायचं, आज रात्री नाही.

अन् अंग जड व्हायला बॉडीबिल्डरसारखं वर्षानुवर्षं खावं लागतं, तुमच्या घरच्या भाकरीवर ते होत नाही, काळजी करू नका.

म्हणजे जिम मागून घरात गुडघ्याचा विचार करणारा तोच एकटा निघाला, अन् आपण त्यालाच समजवायला निघालो. प्रो कबड्डीच्या टीमसोबतही फिजिओ अन् ट्रेनर असतात, काम खरं आहे. फिजिओथेरपी आर्ट्सवर होत नाही, बायोलॉजी अन् नीटची परीक्षा लागते. पण अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, तिथं शारीरिक शिक्षणाची पदवी होते, 58 टक्क्यांची लाज बाळगायचं काही कारण नाही. पुढं पटियालाच्या एनआयएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कोचिंगचा डिप्लोमा. पंधरा दिवसांत ट्रेनर बनवणाऱ्या ऑनलाइन कोर्सला पैसे भरू नका. पोलीस भरती म्हणाल तर तिथंही 1600 मीटर याच गुडघ्यानं धावायचंय.

जिमचं डॉक्टरांसमोर त्यालाच विचारू द्या. अन् पुढचं पत्र पण त्यालाच लिहू द्या, कुठं दुखतं ते त्याला माहीत आहे.