‘सामान्य’ मानसिक आजार म्हणजे नेमके कोणते?

एका वाचकाची पृच्छा अशी आहे : ‘प्राथमिक काळजी रुग्णांमधील सामान्य मानसिक आरोग्य स्थिती’ असे एक शीर्षक वाचनात आले, शब्द सगळे मराठीच आहेत, तरी अर्थ हाती लागत नाही, तेव्हा येथे ‘सामान्य’ हा शब्द योग्य आहे काय, आणि नसल्यास काय लिहावे?

शंका रास्त आहे. मूळ इंग्रजी ठाऊक नसलेला वाचक या शीर्षकाचा अर्थ ‘रुग्णांची मानसिक स्थिती सामान्य आहे, म्हणजे त्यांना काही झालेले नाही’ असाच घेईल. लिहिणाऱ्याला सांगायचे होते ते नेमके उलट, म्हणजे प्रथम भेटीच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांत काही मानसिक विकार पुष्कळदा आढळतात.

‘सामान्य’ हा ‘समान’पासून झालेला शब्द, अनेकांत सारखे असते ते सामान्य. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन स्वतंत्र पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे मूलभूत प्रकार, मानलेले आहेत, आणि सर्व गायींत असणारे गोत्व हे सामान्याचे ठरलेले उदाहरण आहे. व्याकरणातले सामान्यनाम याच अर्थावर उभे आहे. तेवढाच अर्थ धरला तर मूळ इंग्रजीतल्या ‘कॉमन’साठी ‘सामान्य’ लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. मात्र आजच्या मराठीत हा शब्द विशेषण म्हणून आला की त्याचे दोन निराळेच अर्थ पुढे होतात. ‘रक्तदाब सामान्य आहे’ म्हणजे तो योग्य मर्यादेत आहे, आणि ‘कामगिरी सामान्य होती’ म्हणजे ती यथातथाच होती. ‘असामान्य’चा घोळ त्याहून मोठा : बुद्धी असामान्य म्हटले की कौतुक होते आणि तपासणीच्या अहवालात तोच शब्द दिसला की पोटात गोळा येतो. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला ‘अपसामान्य’ हा शब्द कानाला खडबडीत लागतो खरा, पण त्याने निदान ही गल्लत टळते.

‘कॉमन मेंटल डिसऑर्डर्स’ ही संज्ञा डेव्हिड गोल्डबर्ग आणि पीटर हक्सली या ब्रिटिश संशोधकांच्या 1992 सालच्या पुस्तकाच्या नावातच आहे. नैराश्य आणि निरनिराळे चिंताविकार हा तिचा गाभा. तिच्यातला ‘कॉमन’ हा शब्द हे विकार किती जणांना होतात ते सांगतो. ते किती तीव्र असतात याबद्दल तो काहीही सांगत नाही. नैराश्य सौम्य असते, मध्यम असते आणि जीव घेण्याइतके तीव्रही असते. ‘सामान्य मानसिक आजार’ म्हटले की मात्र ‘किरकोळ आजार’ असेच कानावर पडते. त्यातून शेजारच्या ओळीत ‘गंभीर मानसिक आजार’ असा शब्दप्रयोग असला, तर वाचक दोहोंची जोडी लावून मोकळा होतो. भाषांतराच्या इतर चुकांकडे मी एरवी काणाडोळा करीन, पण येथे रुग्ण आपल्या दुखण्याला क्षुल्लक समजण्याचा धोका आहे.

मग पर्याय कोणते? ‘प्रचलित’ हा रूढींना आणि नाण्यांना शोभतो, आजारांना नाही. ‘सर्रास’मध्ये नापसंतीची छटा आहे, नियम सर्रास मोडले जातात. ‘नेहमीचा आजार’ म्हटले तर तो एकाच माणसाला वरचेवर होणारा आजार ठरतो. माझ्या मते ‘नेहमी आढळणारे मानसिक विकार’ हा प्रयोग सर्वांत बरा, कारण त्यातल्या ‘आढळणे’ या क्रियापदाने दृष्टी रुग्णावरून काढून पाहणाऱ्याकडे नेली जाते. एरवीही मराठीचा कल असाच आहे. ‘हा विकार सामान्य आहे’ असे आपण सहज बोलत नाही. ‘हा विकार पुष्कळांना होतो’ असे म्हणतो. इंग्रजी जे काम विशेषणाला सांगते, ते आपण क्रियापदाकडून करून घेतो.

शीर्षकात इंग्रजी ‘केअर’साठी आलेले ‘काळजी’ तर गमतीचे आहे. मराठीत काळजी घेतातही आणि करतातही. विषय चिंताविकारांचा असताना ‘प्राथमिक काळजी रुग्ण’ असे लिहिले, तर जिला नुकतीच काळजी वाटू लागली आहे अशी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. ‘प्राथमिक आरोग्यसेवेत येणारे रुग्ण’ एवढे म्हटले की काम भागते.

‘स्थिती’ येथे नकोच. ‘विकार’ चालेल, जुन्या गद्यात ‘मनोविकार’ म्हणजे राग-लोभादी भावना असत, तो अर्थ आता मागे पडला आहे. मात्र निदानाच्या व्याख्येत पुरते न बसणारा त्रासही लेखात धरला असेल, तर ‘तक्रारी’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. रुग्ण तोच शब्द घेऊन येतो : पोटाची तक्रार आहे, झोपेची तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 14 देशांतील 15 केंद्रांवर केलेल्या पाहणीच्या माहितीवरून 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, नैराश्याचे निकष पुरे करणाऱ्या रुग्णांपैकी 69 टक्के जणांनी डॉक्टरांकडे केवळ शारीरिक तक्रारी मांडल्या होत्या. केंद्रागणिक हे प्रमाण 45 पासून 95 टक्क्यांपर्यंत होते. ‘छातीत धडधडते’, ‘डोके जड होते’, ‘अंगात त्राण उरत नाही’ असे रुग्ण सांगतो. ‘मला नैराश्य आले आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडी क्वचितच येते.

तेव्हा ते शीर्षक मी असे लिहीन : ‘प्राथमिक आरोग्यसेवेत येणाऱ्या रुग्णांत नेहमी आढळणारे मानसिक विकार’. मुळापेक्षा ते लांब झाले आहे हे मान्य. लेखात पुन्हा पुन्हा उल्लेख करायचा असेल, तर पहिल्या परिच्छेदात विकारांची नावे सांगून पुढे नुसते ‘हे विकार’ म्हणावे.