सीमाच उरली नाही, मग सीमेच्या राखणीवर चालत आलेली जमीन कुणाची?

तुमचा प्रश्न असा आहे की, सीमेवरच्या लोकांकडे राखणीच्या बदल्यात रूढीने जमिनी चालत आल्या आणि पुढे ती सीमाच पुसली गेली, तर सरकारला ते हक्क रद्द करता येतात का, आणि असं कुठे घडलंय का.

घडलंय. इंग्लंडच्या राजाने १६२० साली तसा जाहीरनामाच काढला होता. मी कोकणातल्या कुळाच्या घरातला. खोताच्या खळ्यावर भात मोजून देण्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकत वाढलो. त्यामुळे हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

कंबरलंड, वेस्टमोरलंड, नॉर्थम्बरलंड हे इंग्लंडचे उत्तरेकडचे परगणे. पलीकडे स्कॉटलंड. गुरं पळवणं, घरं जाळणं, सूड उगवणं हे तिथे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. त्यामुळे तिथल्या कुळांची रूढी वेगळी होती. जमीन नावाला जमीनदाराची, पण कूळ पिढीजात. खंड जुना, ठरलेला. बाप गेला की मुलाने नजराणा भरायचा आणि जमीन त्याच्या नावावर. याला तिथे ‘टेनंट राइट’ म्हणत. बदल्यात सीमेच्या अधिकाऱ्याची हाक आली की घोडा, भाला, लोखंडी टोप घेऊन हजर व्हायचं. आपल्याकडच्या वतनाशी ताडून पाहिलंत तर चटकन लक्षात येईल.

१६०३ साली राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचाच राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. दोन्ही राज्यं एकाच्या हाती आली. या मुलखाला आता सीमा म्हणायचं नाही, ‘मिडल शायर्स’ म्हणजे मधले परगणे म्हणायचं, असं त्याने ठरवलं. एस्क नदीकाठच्या ग्रॅहम घराण्यातली कितीतरी कुटुंबं उचलून आयर्लंडमध्ये रोसकॉमनला नेऊन टाकली. जमीनदारांनाही हेच हवं होतं. आधीच्या शंभर वर्षांत धान्याचे भाव कुठल्या कुठे गेले होते आणि खंड मात्र आजोबा-पणजोबांच्या काळचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चाकरी संपली, हक्कही संपला. कुळांनी आता मुदतीचे भाडेपट्टे घ्यावेत. राजाचा जाहीरनामाही तेच सांगत होता.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की वेस्टमोरलंडमधल्या केंडलच्या जहागिरीचा एक हिस्सा युवराज चार्ल्सकडे होता आणि त्याने जाहीरनाम्याच्या थोडं आधीच तिथल्या कुळांकडून २,७०० पौंड घेऊन त्यांची रूढी मान्य केली होती. मुलाने पैसे घेऊन जो हक्क कायम केला, त्याच जातीचा हक्क बापाने शेजारच्या गावांत रद्द ठरवला.

केंडलची कुळं जवळच्याच स्टेव्हली गावच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये जमली. तिथे त्यांनी जे ठरवलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘आम्ही सीमा राखली, आमच्या वाडवडिलांनी रक्त सांडलं’ असं म्हणणं किती सोपं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तोच युक्तिवाद त्यांना बुडवणार होता, कारण राखणी हाच हक्काचा पाया मानला तर राखणी संपताच पायाच गेला. म्हणून त्यांनी तो मुद्दा सोडला आणि वेगळी भूमिका घेतली: आम्ही खंड देतो, नजराणा भरतो, जमीन बापाकडून मुलाकडे जाते, हीच आमची रूढी आणि हाच आमचा हक्क. सीमेची चाकरी प्रजा म्हणून केली, जमिनीची किंमत म्हणून नाही. कोर्टासाठी वर्गणी काढली. १६२१च्या उन्हाळ्यात केंडलच्या किल्ल्यात एक नाटक झालं, त्यात जमीनदार नरकात दाखवले होते, गरीब मेंढरांवर तुटून पडणाऱ्या डोमकावळ्यांसारखे.

लोकांना चिथावलं म्हणून कुळांवर स्टार चेंबर या राजाच्या खास कोर्टात खटला उभा राहिला. १६२५ साली, जेम्सच्या मृत्यूनंतर, निकाल लागला. कोर्टाने कुळांची वारसा-जमीन मान्य केली: तिचा सीमेच्या चाकरीशी संबंध नाही, वाजवी नजराणा भरून ती वारसाला मिळेल.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगायला हवं. नॉर्थम्बरलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी कुळांच्या हाती भाडेपट्टेच आले. वेस्टमोरलंडमध्ये मात्र ही रूढी टिकली ती थेट १ जानेवारी १९२६पर्यंत. त्या दिवशी संसदेचा १९२२चा कायदा लागू झाला आणि रूढीने जमीन धरणारे पूर्ण मालक झाले.

म्हणून ‘रद्द करता येते का’ याच्या आधी ‘कुणासाठी रद्द करताय’ हे विचारा. १६२०मध्ये रद्द करायचं होतं ते कसणाऱ्याचं, आणि लाभ जमीनदाराचा. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, ते उलट्या दिशेचं होतं. ते तेव्हा पास झालं नाही, पण १९४९च्या कायद्याने खोती गेली आणि आमच्यासारख्यांची नावं लागली. तुमच्या प्रश्नाला त्याहून जवळचं उदाहरण महार वतनाचं आहे. १९५८च्या कायद्याने चाकरी रद्द झाली, पण जमीन ठराविक रक्कम भरून धारकालाच परत द्यायची तरतूद झाली. चाकरी गेली म्हणून जमीन गेली नाही. केंडलच्या कुळांचं म्हणणंही हेच होतं.

तिकडे कधी गेलात तर ट्राउटबेक गावातलं टाउनएंड हे घर बघा. ब्राउन नावाच्या शेतकरी घराण्याचं, पाटीदगडाच्या छपराचं, गोल धुराड्यांचं. आत ओकच्या कपाटांवर नावांची आद्याक्षरं आणि सालं कोरलेली आहेत. मी त्या कोरीव अक्षरांवरून बोट फिरवायला गेलो आणि हात लावू नका अशी पाटी दिसली. घर १६२६चं आहे, निकालाच्या पुढच्याच वर्षीचं. १९४३पर्यंत तिथे त्याच घराण्यातली माणसं राहत होती.