एसीचा गॅस तीनदा भरला, आता म्हणतात वॉरंटी संपली

उन्हाळा लागला की अशी पत्रं येतातच. गाडी वेगळी, शहर वेगळं, गोष्ट तीच. यंदाचं पत्र सोलापूरहून आलंय. थोडक्यात असं: १५ मार्च २०२२ ला पुण्याच्या शोरूममधून ९ लाख ४० हजारांची गाडी घेतली, दोन वर्षांची वॉरंटी. एसीतून गरम हवा येते म्हणून मे २०२२, एप्रिल २०२३ आणि ६ मार्च २०२४ अशी तीनदा गाडी वर्कशॉपला नेली. तिन्ही वेळा गॅस भरून परत दिली. वॉरंटी संपली आणि महिना-सव्वा महिन्यातच हवा पुन्हा गरम. २२ एप्रिल २०२४ ला वर्कशॉपचा मेल आला: कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, खर्च २७,५०० रुपये, वॉरंटीत बसत नाही. त्यानंतर आजपर्यंत वाचक मेल पाठवतायत आणि समोरून 'वरिष्ठांना कळवलं आहे' असं उत्तर येतंय. आता विचारतात, वकिलामार्फत शेवटची नोटीस पाठवू का, आणि गाडीची पूर्ण किंमत परत मिळेल का?

नोटिशीचा विचार आधी डोक्यातून काढा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं कारण घडलं २२ एप्रिल २०२४ ला, कारण खराबी कॉइलमध्ये आहे हे तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा लेखी कळलं आणि त्याच मेलमध्ये फुकट दुरुस्तीला नकारही मिळाला. म्हणजे येत्या २२ एप्रिलला, बुधवारी, मुदत संपते. तुम्ही पाठवलेल्या मेलांनी ती एका दिवसानेही वाढलेली नाही. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदतही थांबून राहते, हा समज इतका पसरलाय की मला आता त्याचा राग येतो. 'वरिष्ठांना कळवलं आहे' हे वाक्य दोन वर्षं गोड मानून तुम्ही बसून राहिलात, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं होतं.

त्यांचा वकील याहून पुढे जाईल. तो म्हणेल, पहिली तक्रार मे २०२२ ची, म्हणजे मुदत मे २०२४ मध्येच संपली. माझ्या मते हे टिकू नये, कारण तेव्हा तुम्हाला 'गॅस कमी होता' एवढंच सांगितलं होतं. पण आयोग काय म्हणेल याची खात्री मी देत नाही. म्हणून तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज जोडा. कलम ६९ मध्येच पुरेसं कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याची सोय आहे. अर्ज वायाच गेला तर जाऊ दे.

आता ६ मार्चच्या जॉबकार्डचा, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहिलेल्या वर्कशॉपच्या कागदाचा, तुम्ही पाठवलेला फोटो. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात 'थंड हवा नाही', त्याखाली 'गॅस ३५० ग्रॅम', लीक टेस्टचा रकाना कोरा. आणि तळाला 'काम समाधानकारक' यापुढे तुमची सही. न वाचता केलीत ना? सगळेच करतात, आणि मग माझ्याकडे येतात. तरी हा कागद तुमच्याच बाजूने बोलतो. वॉरंटी बुकात गॅस भरणं वगळलेलं आहे असं ते दाखवतील. दाखवू द्या, आपलं भांडण गॅसवरून नाहीच. एसीचा गॅस बंद नळ्यांमधून गोल फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बॉनेट उघडा, आत स्टिकरवर एकूण किती गॅस लागतो ते बहुधा छापलेलं असेल, त्याचा फोटो काढा. छोट्या गाडीत चार-पाचशे ग्रॅम असतो. अकरा महिन्यांत त्यातला साडेतीनशे भरावा लागला, तर तो कुठूनतरी गळत होता. वॉरंटी संपायला आठ दिवस असताना हे त्यांच्या हातात होतं आणि गळती शोधली नाही. सेवेतली त्रुटी ती हीच.

पूर्ण किंमत मिळेल असं मला वाटत नाही. क्लचच्या तक्रारीवरच्या २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी कशाला, असा विचार. कॉइल फुकट बदलून मिळावी किंवा तिचा खर्च, त्रासाची भरपाई आणि दाव्याचा खर्च, एवढं मागा. शोरूम आणि गाडी बनवणारी कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा. वॉरंटी कंपनीची, हलगर्जी वर्कशॉपची.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. या किमतीच्या गाडीला शुल्क २०० रुपये. ऑनलाइन दाखल करता येते, पण शेवटच्या रात्री पोर्टलशी झटापट करत बसू नका. मध्ये १४ एप्रिलची सुट्टीही आहे. आधीच्या दोन जॉबकार्डांच्या प्रती तुम्ही ठेवल्या नाहीत, तर आज मेल करून चासी नंबरसह सर्व्हिस हिस्टरी मागा. दिली नाही तर आयोगाकडून मागवून घेता येईल, त्यासाठी थांबू नका.

निकाल कधी लागेल विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत, मालाची तपासणी लागली तर पाच. विरुद्ध बाजूला उत्तरासाठी ४५ दिवसांवर एकही दिवस मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. तरीही तारखा पडतात. तुम्ही दोन-तीन उन्हाळ्यांची तयारी ठेवा.

तोवर गरम हवेत बसवत नसेल तर कॉइल बदलून घ्या, पण आधी सरकारी तंत्रनिकेतनातल्या ऑटोमोबाइलच्या एखाद्या शिक्षकाकडून गाडी तपासून लेखी अहवाल मिळतो का पाहा. डॅशबोर्ड उतरवताना स्वतः तिथे उभे राहा, व्हिडिओ काढा, आणि जुनी कॉइल मागून घ्या. बिलावर 'जुना भाग ग्राहकास परत' असं लिहून घ्या. या वेळी सही वाचून करा.